वर्ग सुटला की तुम्हीही सुटा

परदेशात जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचंय, किंवा शिकवायला जाऊन पोचलोय आणि आता काय, अशा प्रश्नांचा ढीग साठलाय. त्यातले चार प्रश्न या अंकात घेतलेत. नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मला व्हिएतनाममधल्या एका लँग्वेज सेंटरकडून ऑफर आलीय. आठवड्याला २० तास शिकवायचं म्हणतात. म्हणजे बाकीचा वेळ माझाच ना? मला फिरायचंय, पोहायला शिकायचंय, घरचे म्हणतात तू नोकरीला चाललीयस की सुट्टीवर?

आधी घरच्यांचं. नोकरीला जाणाऱ्या माणसाने तिथे जगायचंही असतं, यात लपवण्यासारखं काही नाही. उलट जी माणसं तिथे मजेत राहतात तीच वर्गात टिकतात, हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की आता कोणी मुलाखतीत काय विचारू म्हणालं तर मी सांगते, पगाराच्या आधी सुट्टीचं विचार.

आता ते २० तास. हे फक्त वर्गात उभं राहायचे तास असतात. तयारी, वह्या तपासणं, पालकांना मेसेज, नवीन मुलांसाठी डेमो क्लास, सेंटरचे कार्यक्रम, हे सगळं त्याच्या वर, आणि ते धरलं जातंय का हे ऑफर लेटरमध्ये सहसा नसतंच. तेव्हा लेखी विचारायचं. वर्गाव्यतिरिक्त ऑफिसमध्ये किती तास बसावं लागेल, आठवड्यातले दोन दिवस सलग सुटी मिळेल का की एक मंगळवारी आणि एक शुक्रवारी, आणि सकाळी दोन तास नि संध्याकाळी तीन तास असं तोडून तर देणार नाहीत ना. अशा तोडलेल्या शिफ्टमध्ये कागदावर पाच तास दिसतात पण दिवस अख्खा जातो.

दुसरं म्हणजे मुलं दिवसा शाळेत असतात, त्यामुळे सेंटरचं खरं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवार दिवसभर. तुझा वीकेंड बहुतेक सोमवार-मंगळवार असणार. याचं वाईट वाटून घेऊ नकोस गं, त्या दिवशी बीच रिकामे असतात, हॉटेलं स्वस्त मिळतात आणि पोहण्याच्या तलावात सकाळी गर्दी नसते. तुझं पोहणं तिथे नक्की होईल. फक्त शाळेत शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींशी वेळ जुळणार नाही, हे धरून चाल.

आणि तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेव्हा सगळं बंद असतं आणि निम्मा देश प्रवासात असतो. त्या दिवसांचा पगार मिळणार का हे आत्ताच विचार, आणि कुठे जायचं असेल तर तिकिटं खूप आधी काढ.

प्रश्न : मी सहा वर्षांच्या मुलांना शिकवतो. दीड महिना झाला तरी अर्धी मुलं तोंडच उघडत नाहीत. हेडटीचर म्हणतात पालक विचारतायत. मी घरी येऊन रात्री अकरापर्यंत फ्लॅशकार्ड कापत बसतो. काय चुकतंय?

मुलांचं काही चुकत नाहीये, तुमचंही नाही. नवीन भाषा कानावर पडायला लागली की पुष्कळ मुलं आधी नुसती ऐकतात. स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञांनी यावर बरंच लिहिलंय, त्याला सायलेंट पीरियड म्हणतात आणि तो काही आठवड्यांचा असू शकतो तसाच काही महिन्यांचाही. या काळात मूल कळून घेत असतं. ते कळतंय का हे बघायचं असेल तर बोलायला लावू नका, करायला लावा. जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली टोटल फिजिकल रिस्पॉन्स नावाची पद्धत हीच. तुम्ही म्हणायचं स्टँड अप आणि स्वतः उभं राहायचं, टच द डोअर म्हणत दाराला हात लावायचा, मग हळूहळू तुम्ही करणं थांबवायचं आणि नुसतं म्हणायचं. सगळा वर्ग दाराकडे धावला की पालकांना दाखवायला तुमच्याकडे पुरावा आला. पुढच्या आठवड्यात एखाद्या मुलाला तुमच्या जागी उभं करा, बघा, न बोलणारं मूल तुम्हाला हुकूम सोडायला लागेल! कारण सरांना उड्या मारायला लावण्यात जी मजा आहे ती व्हॉट इज धिसला उत्तर देण्यात नाही.

अजून एक, सरळ प्रश्नाऐवजी दोन पर्याय द्या. रेड ऑर ब्लू? मुलाला शब्द शोधावा लागत नाही, ऐकलेलाच एक परत म्हणायचा असतो. आणि धावपळीच्या खेळानंतर लगेच बसून रंगवायचं किंवा कापायचं काहीतरी ठेवा, नाहीतर वर्ग हाताबाहेर जातो आणि मग तुमचा घसा जातो.

रात्री अकराचं मात्र बंद करा प्लीज. सहा वर्षांच्या मुलांना दर तासाला नवीन कार्डं नकोच असतात, त्यांना तोच खेळ, तेच गाणं परत परत हवं असतं आणि त्यातूनच भाषा पक्की होते. एक संच करा आणि महिनाभर फिरवा. वाचलेल्या संध्याकाळी तिथल्या भाषेच्या क्लासला जा. हे मी मनापासून सांगतेय, कारण त्या क्लासमध्ये तुम्ही मागच्या बाकावर बसाल, सगळं कळत असूनही तोंडातून शब्द फुटणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गातल्या त्या गप्प मुलांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. कुठल्याही ट्रेनिंगने हे इतकं आतपर्यंत पोचत नाही.

प्रश्न : जाहिरातीत नेटिव्ह स्पीकर ओन्ली लिहिलेलं असतं. आपल्या पासपोर्टवर काही चान्स आहे का? आणि कुठला कोर्स करू?

देशावर अवलंबून आहे. दक्षिण कोरियात शिकवण्याचा ई-२ व्हिसा साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच देतात. भारत-कोरिया व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला त्यामुळे भारतीयांसाठी वेगळी वाट आहे पण ती अरुंद आहे आणि त्याला शिक्षकाचं लायसन्स लागतं. थायलंड, व्हिएतनाममध्ये पदवी, इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट आणि पोलीस क्लिअरन्स यावर काम होऊ शकतं, इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर बहुतेक मागतात. काही ठिकाणी पासपोर्ट बघून पगार कमी सांगतात, हे अन्यायाचं आहे आणि ते मी अन्यायच म्हणणार. घासाघीस करा, वर्षभराचा अनुभव हातात आला की बोलणं सोपं जातं.

कोर्समध्ये सेल्टाला, म्हणजे केंब्रिजच्या इंग्रजी शिकवण्याच्या सर्टिफिकेटला, मान आहे, साधारण १२० तासांचा, त्यात ६ तास प्रत्यक्ष शिकवावं लागतं, पण तो सराव मोठ्या माणसांवर असतो. तुम्हाला लहान मुलं शिकवायची असतील तर मुलांसाठीचा वेगळा भाग असलेला कोर्स बघा, आणि खऱ्या वर्गात उभं राहायला मिळत नसेल तर नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा. टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू, असं जो म्हणेल त्याला नाही म्हणा. पासपोर्ट आमच्याकडे ठेवा म्हणणाऱ्यालाही.

प्रश्न : येऊन सात महिने झाले. मुलं गोड आहेत, काम आवडतं, पण सुट्टीच्या दिवशी मी खोलीत फोन घेऊन पडून असते. बाकीचे परदेशी शिक्षक रोज बारमध्ये, ते मला जमत नाही. एका पालकांनी घरी येऊन शिकवा म्हटलंय, चांगले पैसे देतायत. वेळ तरी जाईल. घेऊ का?

नको घेऊस. पहिलं कारण कायद्याचं, बऱ्याच देशांत वर्क परमिट एका मालकापुरतंच असतं आणि बाहेर शिकवणी घेतली तर व्हिसा जाऊ शकतो. कोरियात तर ई-२ वर खाजगी शिकवणी सरळ बेकायदा आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तुला वेळ घालवायचा नाहीये, तुला माणसं हवीयत. सातव्या महिन्यात असं वाटणं अगदी नेहमीचं आहे, नवलाई संपलेली असते आणि अजून मुळं धरलेली नसतात.

दिवसभर मुलांशी तुटक सोप्या इंग्रजीत बोलून बोलून मोठ्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलायची भूक राहते, ती फोनवर भागत नाही. तेव्हा इंग्रजीशी संबंध नसलेलं काहीतरी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी कर. बॅडमिंटन, मातीकाम, ट्रेकिंगचा ग्रुप, गाण्याचा वर्ग, काहीही, पण जिथे तीच माणसं परत परत भेटतात असं. भाषा येत नसली तरी चालतं, हातात रॅकेट असली की बोलायला फार लागत नाही. आणि शाळेतल्या स्थानिक सहकारी शिक्षिकांना विचार ना, परदेशी शिक्षक आपल्यातच राहतात म्हणून त्या विचारत नाहीत एवढंच, एकदा तू विचारलंस की बघ.

गाव छोटं असेल तर मुलं आणि पालक बाजारात भेटणारच. हसून हॅलो म्हण आणि पुढे जा, तिथे गृहपाठाची चर्चा करायची नाही, ती सोमवारी शाळेत. पालकांचे मेसेज रात्री बघायचे नाहीत हे एकदा नीट सांगून टाक, लोक समजून घेतात. वर्गातल्या मुलांचे फोटो स्वतःच्या अकाउंटवर टाकू नकोस, कितीही गोड असले तरी.

लांबच्या सुट्ट्यांसाठी शाळेचं कॅलेंडर आत्ताच काढून बस. थायलंडमध्ये असशील तर मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी आणि ऑक्टोबरमध्ये एक छोटी. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि लगेच एप्रिलच्या शेवटी गोल्डन वीक. मोठ्या सुट्टीत पगार चालू असतो की नाही ते करारात बघ, कारण दहा महिन्यांचे करारही असतात. आणि फिरायला स्कूटर भाड्याने घेणार असशील तर त्या देशात चालणारं लायसन्स आधी करून घे, दुकानदार न विचारता चावी देतो पण अपघात झाला तर इन्शुरन्सवाले लायसन्स मागतात आणि ते नसलं की बिल तुझ्याच डोक्यावर.