जीआय ब्लीडचा (पोटात-आतड्यात रक्तस्राव होणारा) पेशंट आला तर नर्सने आधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे, प्रायॉरिटी लिहायला सांगितल्या तर लाईन (शिरेत सुई) आधी की पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारं औषध) आधी की ऑक्सिजन, आणि बीपी नॉर्मल असेल तर पेशंट स्टेबल धरायचा का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण फसगत तिथेच होते. नाही धरायचा.

रक्त जायला लागलं की आधी पल्स वाढते, बीपी बराच वेळ तग धरतो आणि मग एकदम कोसळतो, तरुण पेशंटमध्ये तर जास्तच. म्हणजे बीपी ११०/७० आहे पण पल्स १२४, हातपाय गार, कपाळावर घाम, उगाच चुळबूळ करतोय, सारखं पाणी मागतोय, तर हा माणूस शॉकच्या वाटेवर आहे, मॉनिटर काहीही दाखवू दे. त्यात लिव्हरच्या पेशंटला प्रोप्रानोलॉल (पल्स कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर पल्ससुद्धा म्हणावी तशी वाढत नाही, म्हणून चालू गोळ्या नातेवाईकांना लगेच विचारायच्या, ॲस्पिरिन, वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारी गोळी), दुखण्यावरच्या गोळ्या हे सगळं तेव्हाच कळतं. हिमोग्लोबिनचंही तेच. पहिला रिपोर्ट ११ आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका, पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही बरोबरच गेलेले असतात, आकडा खाली यायला काही तास जातात.

आता क्रम. रक्ताच्या उलट्या होतायत आणि पेशंट गुंगीत आहे तर एअरवे सगळ्यात आधी, डाव्या कुशीवर वळवायचं, ऑक्सिजन लावायचा आणि सक्शन नुसतं भिंतीवर आहे म्हणून सोडायचं नाही, खरंच ओढतंय का ते बोट लावून बघायचं. मग दोन जाड कॅन्युला, १६ किंवा १८ नंबर, दोन हातांना एकेक. त्याच वेळी सीबीसी (पेशी-हिमोग्लोबिन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायची तपासणी), युरिया-क्रिएटिनिन (किडनीची) आणि ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं (रक्तगट जुळवायचं) रक्त काढून घ्यायचं, आणि क्रॉसमॅचच्या ट्यूबवर नाव पेशंटजवळ उभं राहूनच लिहायचं, काउंटरवर जाऊन नाही. एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीही न देता, ठेवायचं. पॅन्टोप्राझोल ऑर्डरप्रमाणे द्या पण ते वाहतं रक्त तिथल्या तिथे थांबवत नाही, त्यामुळे लाईन त्याच्यासाठी थांबत नाही.

रक्त चढवायचं ते साधारण हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की, हार्टचा पेशंट असेल तर ८, आणि धो धो ब्लीडिंग असेल तर आकड्याची वाट बघत नाहीत. जास्त चढवलं की चांगलं असं अजिबात नाही, व्हेरिसेसमध्ये (लिव्हरच्या आजारात अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा) जास्त रक्त दिलं तर पोर्टल प्रेशर (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब) वाढून पुन्हा फुटू शकतं. बॅग लावल्यावर पहिली १५ मिनिटं तिथून हलायचं नाही. युरीन तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी.

शी स्वतः बघा, नातेवाईकांच्या "काळी झाली"वर जाऊ नका. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण मेलेना, म्हणजे वरच्या ब्लीडिंगमुळे झालेली काळी शी, डांबरासारखी चिकट असते आणि तिचा वास एकदा घेतला की पुढे वॉर्डाच्या दारातूनच ओळखता येतो. आणि खालून लालभडक रक्त जातंय म्हणजे आतड्यातलंच असं समजू नका, वरून जोरात ब्लीड होत असेल तरी लालच येतं.

एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) सहसा २४ तासांच्या आत, व्हेरिसेसचा संशय असेल तर १२ तासांत. ती झाली की सगळे सैल पडतात, पण पुन्हा ब्लीड व्हायची भीती पहिले ३ दिवस जास्त असते, तेव्हा पल्स ८८ वरून ११० झाली की तेवढ्यावरच डॉक्टरांना फोन करायचा, बीपी पडायची वाट बघायची नाही.

आणि बलून ट्यूब (व्हेरिसेस दाबून रक्त थांबवायला घातलेली फुग्याची नळी) टाकलेली असेल तर उशाशी कात्री हवीच. बलून वर सरकून श्वास अडला तर ट्यूब कापून लगेच बाहेर काढायची असते. हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात, लक्षात ठेवा.