जुन्या पिकअप ट्रकचे पुढचे सस्पेन्शन घरच्या घरी पूर्ण नव्याने बांधता येईल का?

आपण विचारले आहे की पुढच्या सस्पेन्शनचे बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे), बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधले गोळीचे सांधे), टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याची टोके) आणि शॉकअप हे सगळे घरीच बदलता येईल का, त्याला किती दिवस लागतील, कोणती हत्यारे लागतील आणि नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करावीच लागेल का. शेवटी आपण असेही लिहिले आहे की ओळखीचे एक मेकॅनिक म्हणतात, ‘हे घरी करण्यासारखे काम नाही.’ मी उत्तर लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. काम घरी होते, मी ते केले आहे, आणि त्यातला सर्वांत नाजूक टप्पा घरीच जास्त नीट होतो असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घरी पुढची गाडी रांगेत उभी नसते.

आपण मॉडेल लिहिलेले नाही, म्हणून मी दोन आर्मची, म्हणजे चाक चासीला जोडणाऱ्या दोन दांड्यांची, रचना धरून चालतो: वर लहान आर्म, खाली लांब आर्म, आणि खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारी सळई). पुढे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर यातले बरेचसे आपल्याला लागू नाही, मात्र बुशांविषयी जे लिहितो ते पाट्यांच्या रबरी बुशांनाही लागू पडते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नये, या गोष्टी आपल्याला ठाऊक असतीलच.

दिवसांचा हिशेब गंजावर अवलंबून असतो, त्यामुळे आकडा देण्यात अर्थ नाही. हत्यारांपैकी तीन गोष्टींवर तडजोड करू नये: टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा), टेपर म्हणजे निमुळता, घट्ट बसलेला सांधा सोडवण्याचा पुलर आणि, कॉइल स्प्रिंग असल्यास, चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर. बुश दाबण्यासाठी प्रेस असेल तर उत्तमच, नाही तर जाड बोल्ट, योग्य व्यासाच्या नळ्यांचे तुकडे आणि वॉशर यांवरही काम भागते.

आता मुख्य मुद्दा. आर्मच्या रबरी बुशमध्ये बाहेर एक लोखंडी कवच असते, आत एक नळी असते आणि दोहोंच्या मध्ये रबर चिकटवलेले असते. बाहेरचे कवच आर्ममध्ये घट्ट दाबून बसवलेले असते आणि आतली नळी बोल्ट आवळला की चासीच्या ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. म्हणजे आर्म वरखाली होतो तेव्हा कोणताही भाग दुसऱ्यावर घसरत नाही; सगळी हालचाल रबर पिळला जाऊन होते. म्हणूनच बोल्ट कोणत्या स्थितीत आवळला याला महत्त्व आहे. गाडी स्टँडवर असताना आर्म खाली लोंबत असतो. त्याचे बाहेरचे टोक नेहमीच्या जागेपेक्षा ८० ते १०० मिमी खाली आहे आणि आर्मची लांबी ३५० मिमी आहे असे धरले, तर नुसत्या गणिताने तो १३ ते १७ अंश फिरलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळून गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतसुद्धा रबर तेवढा पिळलेला राहतो, आणि खड्ड्यात चाक वर गेले की पीळ आणखी वाढतो. अशा बुशचे रबर वेळेआधी फाटते. कितीतरी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना शेवटचे आवळावेत असे स्वच्छ लिहिलेले असते आणि कितीतरी वर्कशॉपमध्ये ते ओळखून-समजून दुर्लक्षिले जाते.

माझे थोरले मामेभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, यांचे अर्धे आयुष्य वर्कशॉपमध्ये गेले आहे. माझ्या ट्रकचे सस्पेन्शन मी उघडले तेव्हा ते मदतीला आले आणि त्यांची मदत खरोखरच मोलाची होती. गंजलेला बोल्ट न तोडता कसा काढावा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. बुश दाबून झाले, आर्म ब्रॅकेटमध्ये बसले, आणि त्यांनी पाना घेऊन लोंबत्या आर्मचे बोल्ट पूर्ण आवळायला सुरुवात केली. मी थांबवले तेव्हा ते म्हणाले, “बोल्ट तो बोल्ट. तो वर आवळला काय आणि खाली आवळला काय, टॉर्क तोच.” मी मॅन्युअलचे पान दाखवले. त्यावर त्यांचे म्हणणे असे की मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या हाताला कधी ग्रीस लागलेले नसते. वाद वाढला आणि घरातली मंडळी बाहेर येऊन उभी राहिली, तेव्हा तोडगा असा निघाला की एक बाजू दादांच्या पद्धतीने आवळायची आणि एक माझ्या. रस्त्याच्या कडेची बाजू त्यांनी घेतली. बुश एकाच संचातले होते, स्प्रिंग दोन्हीकडे नव्या होत्या आणि ट्रक अर्थातच एकच होता.

मी माझी बाजू कशी आवळली ते सांगतो, कारण आपल्याला हेच करायचे आहे. गाडी उघडण्यापूर्वीच, ती सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवले होते. स्प्रिंग आणि आर्म बसवताना बुशांचे बोल्ट फक्त हाताने टेकवले. सगळे जोडून चाके चढवली, गाडी चाकांवर उतरवली, पुढचा भाग दाबून थोडा वरखाली हलवला आणि पुढे-मागे ढकलला, म्हणजे चाके आपल्या जागी बसतात. मोजलेल्या अंतराशी ताडून पाहिल्यावर शेवटचा टॉर्क दिला. खाली हात पोचत नसेल तर चारही चाकांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालावेत. दुसरा मार्ग असा की स्टँड चासीखाली ठेवून खालच्या आर्मच्या टोकाखाली जॅक लावावा आणि चासी स्टँडवरून सुटू पाहील इतपतच आर्म उचलावा. त्या बाजूचे वजन तेव्हा आर्मवर आलेले असते. स्प्रिंग नव्या असतील तर जुने अंतर थोडे कमी भरते हे लक्षात ठेवावे, कारण थकलेली स्प्रिंग गाडी खाली बसवते.

पहिल्याच आठवड्यात दादांची बाजू काही मिलिमीटर उंच दिसू लागली. पिळलेले रबर आर्मला खाली ढकलत होते, म्हणून ती बाजू उचललेली होती. दादांनी मात्र तोच आपल्या पद्धतीचा विजय मानला आणि भेटेल त्याला सांगितले की त्यांची बाजू ताठ बसली आहे. पुढे ती उंची हळूहळू गेली. त्यानंतर ब्रेक दाबल्यावर त्या बाजूने ठक् असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग तिकडे ओढू लागले.

मी दादांना बोलावून त्यांच्यासमोरच दोन्ही बाजू उघडल्या. त्यांच्या बाजूच्या खालच्या आर्मचे रबर आतल्या नळीभोवती गोल चिरून सुटले होते. वरच्या आर्मचा बुश अजून शाबूत होता आणि खरा पुरावा त्याने दिला: गाडीचे वजन चाकांवर असतानाच त्याचा बोल्ट सैल केला, तर आतली नळी टक्कन फिरून थांबली, म्हणजे रबर तोवर पिळलेलेच होते. माझ्या बाजूचा तसाच बोल्ट सैल केला तेव्हा नळी जागची हललीसुद्धा नाही. दादांचे उत्तर असे की कडेच्या चाकाला खड्डे जास्त लागतात. खड्ड्याने रबर फाटेल हे मलाही मान्य आहे, पण खड्ड्यामुळे उभ्या गाडीतल्या बुशमध्ये पीळ साठून राहत नाही. त्यांचे दुसरे उत्तर मला अधिक खटकते: “इतकी वर्षे असेच आवळतो, कुणी तक्रार घेऊन आले नाही.” तक्रार येणार कशी? रबर वर्ष-दोन वर्षांनी फाटते, गिऱ्हाईक मुकाट्याने नवे बुश घेते आणि दोष रस्त्यांना देते.

म्हणून आपल्या त्या मेकॅनिकना एवढेच विचारावे की ते आर्मचे बोल्ट शेवटचे कधी आवळतात. ‘गाडी खाली उतरवल्यावर’ असे उत्तर आले तर काम त्यांच्याकडे निर्धास्तपणे द्यावे. हसून विषय टाळला तर घरी करावे.

पॉलियुरेथेनचे बुश घेतले तर हा प्रश्नच उरत नाही, असे दादा आता सांगतात. ते खरे आहे, कारण त्यात नळी बुशच्या आत फिरते आणि काहीच पिळले जात नाही. पण त्यांना योग्य ग्रीस वेळोवेळी लागते, ते कोरडे पडले की कुरकुरतात आणि रस्त्याचा खडबडीतपणा थेट केबिनमध्ये आणतात. रोजच्या कामाच्या ट्रकसाठी मी रबरच निवडेन.

बॉल जॉइंटविषयी थोडक्यात. खेळ तपासताना कोणता जॉइंट वजन पेलतो हे आधी पाहावे: स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर खालचा जॉइंट भार घेतो, म्हणून जॅक खालच्या आर्मखाली लावून, चाक अधांतरी करून, टायरखाली पहार घालून उचलून पाहावे. जॅक चासीखाली लावला तर स्प्रिंग तो जॉइंट ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही चांगला वाटतो. काढताना दुहेरी चिमट्यासारखी पाचर ठोकली तर रबरी टोपी फाटते. जॉइंट टाकायचाच असेल तर हरकत नाही, पण ठेवायचा असेल तर पुलरने ताण द्यावा आणि नकलच्या (हब ज्यावर बसतो त्या भागाच्या) डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा जोरदार फटका मारावा. नट पूर्ण काढू नये, दोन-चार आट्यांवर ठेवावा, म्हणजे सुटताना आर्म उडत नाही. बसवताना टेपर स्वच्छ आणि कोरडा असावा. खाचांच्या नटला टॉर्क दिल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळावा, मागे कधीही फिरवू नये. मूळ जॉइंट रिव्हेटने बसवलेले असतील तर डोकी घासून, भोक पाडून रिव्हेट काढावे लागतात आणि नवा जॉइंट सोबत आलेल्या बोल्टांनीच बसवावा लागतो.

चाकाचे टेपर रोलर बेअरिंग उघडलेच आहे तर तेही नीट बसवावे. हब फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर जागी बसतात, मग सैल करून पुन्हा फक्त बोटांनी टेकवावा. साधारण ०.०३ ते ०.१३ मिमी एवढा सूक्ष्म खेळ राहिला पाहिजे. ‘घट्ट म्हणजे चांगले’ हा समज बेअरिंग जाळतो.

इतक्या आत्मविश्वासाने लिहिल्यावर काही सावधगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात, आणि त्या खरे तर आधी यायला हव्या होत्या. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी शक्ती असते. बॉल जॉइंट सोडवण्यापूर्वी खालच्या आर्मखाली जॅक हवा, स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये आणि साखळीने चासीला बांधलेली हवी, आणि तिच्या सुटण्याच्या रेषेत आपले शरीर नको. टॉर्शन बार असेल तर समायोजनाच्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून, बार आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या बैठकींवर खुणा करून मगच ताण काढावा. डावा आणि उजवा बार अदलाबदल करू नये, कारण ते बहुधा एकाच दिशेच्या पिळासाठी घडवलेले असतात. चासीच्या ब्रॅकेटला तडा दिसला किंवा आर्म वाकलेला आढळला तर काम तिथेच थांबवून वेल्डिंगच्या जाणकाराला दाखवावे. दादांशी माझा जो वाद झाला तो एका ट्रकपुरता पुरावा आहे हेही मान्य करतो. आपल्या गाडीचे टॉर्क आणि क्रम तिच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत, माझ्या उत्तरातून नाही.

राहिला अलाइनमेंटचा प्रश्न. करावीच लागते. घरी फक्त गाडी तिथपर्यंत नेण्याइतके जुळवता येते: टाय रॉड एंड काढताना त्याचे किती फेरे होते ते मोजून नवा तितकाच फिरवावा, दोन्ही चाकांमधले अंतर पुढून आणि मागून मोजून टो (चाके पुढून आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) जवळपास आणावा आणि ओळंबा लावून कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर किती झुकला आहे ते) डोळ्याखालून घालावा. वरच्या आर्मच्या मागे शिम (जाडी भरून काढणाऱ्या पातळ पट्ट्या) असतील तर पुढच्या आणि मागच्या बोल्टवरच्या शिमचे गठ्ठे वेगवेगळे बांधून ठेवावेत, कारण दोन्हीकडे सारखे बदलले की कॅम्बर हलतो आणि एकीकडेच बदलले की कास्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळते त्याचा पुढे-मागे कल. अलाइनमेंटवाल्याकडून कास्टर आणि कॅम्बर आधी, टो सर्वांत शेवटी, असा क्रम पाळून घ्यावा, कारण कॅम्बर बदलला की टो आपोआप बिघडतो. आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागावेत. पुष्कळ ठिकाणी ‘वरचे बोल्ट गंजले आहेत, फक्त टो करून देतो’ असे सांगून पूर्ण पैसे घेतले जातात. आपण ते बोल्ट स्वतः सोडवून, आटे साफ करून, ग्रीस लावून बसवलेले असतील, तेव्हा ही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही.