असाइनमेंट लिहायला बसलं की काहीच सुचत नाही आणि मी रोज उद्यावर ढकलतो. काय करू?

आधी स्वतःला आळशी म्हणणं थांबव. चालढकल बरेचदा भीतीपोटी होते: पहिलंच वाक्य फसलं तर? म्हणून प्रस्तावनेला हातच लावू नको, ती शेवटी लिही.

समज, विषय 'नागपूर करार' आहे. तुला ठाऊक असलेली एकच गोष्ट कागदावर उतरव: '१९५३ च्या करारात विधिमंडळाचं दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं.' त्याखाली प्रश्न टाक. सह्या कोणाच्या? विदर्भाला कसली हमी हवी होती? त्यातलं पाळलं किती गेलं? जमतील तशी, बोलीभाषेत उत्तरं लिहीत जा. दोन पानं भरली की मग भाषा घासूनपुसून घे. लिहिता लिहिताच सुधारायला गेलास की अडतोस, हे मी ठामपणे सांगतो.

२५ मिनिटांचा गजर लाव, मग ५ मिनिटं सुट्टी. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर वही उघडू नको, हमखास डोळा लागतो, पहाटेच बस. उठताना एक वाक्य मुद्दाम अर्धं सोड, दुसऱ्या दिवशी तिथूनच धरता येतं.