ट्रकचं मायलेज नंतर बघू, आधी ते अ‍ॅग्रीमेंट दाखवा

पत्र थोडक्यात असं: वाचक अमेरिकेत कंपनीचा ट्रक चालवतात, पगार वर्षाला साधारण ७५ हजार डॉलर, हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा, बचत ४० हजार. आता ओनर-ऑपरेटर, म्हणजे स्वतःच्या ट्रकचा मालक-ड्रायव्हर, व्हायचंय. प्रश्न एवढाच की लांब नाकाचा केनवर्थ डब्ल्यू९०० घेऊ (साडेसहा मैल गॅलनला) का तीन वर्षं जुना फ्रेटलायनर कॅस्केडिया (आठ मैल)? आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता, ट्रक कंपनीच्याच लीज-पर्चेसमधून (आधी भाडं भरा, शेवटी ट्रक तुमचा) मिळणार आहे, आठवड्याला ९५०, चार वर्षं, शेवटी ३० हजारांचा बलून, म्हणजे एकरकमी मोठा हप्ता, "डाउन पेमेंट शून्य, कधीही सोडता येतं".

अहो, खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे!

मायलेजचं आधी उरकतो. कॅस्केडिया. वर्षाला १ लाख मैल धरा, साडेसहाला १५,४०० गॅलन, आठला १२,५०० गॅलन, डिझेल ४ डॉलर धरलं तर साडेअकरा हजारांचा फरक, यात वाद नाही. पण आठ मैल ट्रक देत नाही, ड्रायव्हर काढतो. ६५ च्या वर ताशी एक मैल वाढवला की साधारण ०.१ मायलेज जातं, म्हणजे ७५ ने हाणलात तर तुमचा आठचा ट्रक सातचा झाला, ७ हजार गेले. रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपलात तर तासाला जवळजवळ एक गॅलन वेगळा. २०१७ च्या 'रन ऑन लेस' या मायलेजच्या प्रात्यक्षिकात सात ट्रकनी सरासरी १०.१ काढून दाखवलं होतं, पण ते निवडक ट्रक आणि मुरलेले ड्रायव्हर, सेल्समनने तो आकडा तुमच्या तोंडावर फेकला तर हसून सोडून द्या.

आता लीज. ९५० गुणिले ५२ म्हणजे वर्षाला ४९ हजार, चार वर्षांचे १ लाख ९७ हजार, वर बलून, झाले सव्वादोन लाखांच्या वर. तुम्हीच लिहिलंय की असाच ट्रक बाहेर ७५ हजारांना मिळतो. तिप्पट! तेच १५ हजार भरून ६० हजारांचं कर्ज अगदी १२ टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढलं तरी वर्षाचा हप्ता १९ हजार. म्हणजे चांगल्या मायलेजने साडेअकरा हजार वाचवायचे आणि कागदावर सही करून ३० हजार घालवायचे.

"कधीही सोडता येतं" हे तर मला ऐकवत नाही. सोडलं की ट्रक त्यांचा, भरलेले पैसे त्यांचे, आणि दुसऱ्या आठवड्याला तोच ट्रक पुढच्या माणसाला शून्य डाउन पेमेंटवर. लोड कुणी द्यायचे? त्यांनीच. त्यांनी आठवडाभर बसवून ठेवलं तरी ९५० कापले जाणारच आणि ट्रक घेऊन दुसरीकडे जायची सोय नाही. सरकारनेच नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ च्या अहवालात असले प्रोग्राम बंदच करा अशी शिफारस केली, ती उगाच नाही.

आणि तुम्ही धरलेला दोन लाखांचा ग्रॉस, म्हणजे खर्च वजा जाण्याआधीची कमाई. मैलाला सगळं धरून २ डॉलर, १ लाख मैल, म्हणून २ लाख. रिकामे मैल कुठे गेले? १५ टक्के डेडहेड, म्हणजे लोडशिवाय बिनपैशाचे मैल, धरा, आले १ लाख ७० हजार. त्यातून डिझेल ५० हजार, लीज ४९, मेंटेनन्सची मैलाला १२ सेंट कपात म्हणजे १२ हजार, इन्शुरन्स, प्लेट, टोल वगैरे १०. उरले ४९ हजार. त्यावर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, मग इन्कम टॅक्स, आणि हेल्थ इन्शुरन्स स्वतःच्या खिशातून. आज ७५ हजार कमावताय ना तुम्ही?

स्वतःच्या कर्जाने घेतला तर दुरुस्तीला १५ हजार धरूनही ७६ हजारांच्या आसपास उरतील, म्हणजे कर आणि इन्शुरन्स गेल्यावर आजच्यापेक्षा कमीच. तेव्हा "मालक झालो की दुप्पट" हे डोक्यातून काढा. गणित बदलू शकतं ते दराने. फ्यूल सरचार्ज, म्हणजे डिझेलच्या भावापोटी भाड्यावर मिळणारी जादा रक्कम, बरेचदा गॅलनला ६ मैल धरून काढतात, तुम्ही ८ काढलेत तर वरचा फायदा तुमचा, पण कंपनी तो पूर्ण देते का मधे कापते हे विचारलंत का?

तर सही करू नका. ४० हजारांतले १५ दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, एक्झॉस्टमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, बिघडला की काही हजारांचं बिल एका झटक्यात येतं. क्रेडिट युनियनकडून कर्जाचा दर लेखी घ्या. आणि याच प्रोग्रामवर वर्ष काढलेल्या दोन ड्रायव्हरांच्या सेटलमेंट शीट (कमाई आणि कपातीचा हिशेब) बघा, रिक्रूटरने निवडून दिलेले नकोत, ट्रक स्टॉपवर स्वतः गाठलेले. मेंटेनन्सच्या कपातीतले उरलेले पैसे परत मिळतात का, हेही त्यांनाच विचारा. त्या शीट आणि अ‍ॅग्रीमेंटची कॉपी पाठवा, मग गियर रेशो आणि टायरवर बोलू.