सेंट पॅट्रिक्स डेची परेड बघायला डब्लिनलाच जावं का?

तुम्ही विचारलंय की १७ मार्चला लेकीकडे डब्लिनमध्ये असणार आहात, तर सेंट पॅट्रिक्स डेची, म्हणजे आयर्लंडच्या संरक्षक संताच्या दिवसाची, मोठी परेड प्रत्यक्ष बघावी की गर्दीला भिऊन घरी टीव्हीवर? माझं ऐकाल तर दोन्ही नको. जावयांना गाडी काढायला सांगा आणि तासाभराच्या अंतरावरच्या एखाद्या लहान गावातली परेड बघा.

मी नऊ वर्षं डब्लिनशेजारच्या किल्डेअर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) एका गावात राहते. पहिल्या वर्षी आम्हीही हौसेनं डब्लिनला गेलो होतो. दुपारी बाराला पार्नेल स्क्वेअरवरून मिरवणूक निघते, ओ'कॉनेल स्ट्रीटवरून लिफी नदी ओलांडून सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या दिशेनं जाते. अवाढव्य बाहुल्या, अमेरिकेहून आलेले कॉलेजांचे बँड, सगळं देखणं असतं, त्यात वादच नाही. पण आम्ही दहाला पोचलो तर पुढे माणसांच्या चार रांगा. मुरलेले डब्लिनकर घरून घडीची शिडी घेऊन येतात आणि पोरांना तिच्यावर चढवतात. आमच्याकडे शिडी कुठली? मुलगी बाबाच्या खांद्यावर, आणि मी खालून विचारतेय, 'आता काय आलं गं?' दोन तास तिचं धावतं समालोचन ऐकलं. परेड पाहिली असं म्हणायची सोय नाही.

शिवाय हा थाट तसा अलीकडचा. आज दिसतो तो डब्लिनचा फेस्टिव्हल सरकारनं १९९६ पासून सुरू केला. डब्लिनमधली पहिली सरकारी परेड १९३१ची, आणि न्यूयॉर्कमधली १७६२ची! देश सोडून गेलेल्यांनी मिरवणूक आधी काढली, घरच्यांनी नंतर. आपल्या कुठल्या सणाचं असं झाल्याचं मला तरी आठवत नाही. इथे हा दिवस मुख्यतः चर्चला जाण्याचा होता. १९२७ पासून १९६० पर्यंत तर या दिवशी पब कायद्यानं बंद असायचे, चक्क ड्राय डे. डब्लिनमध्ये दारू मिळण्याची एक प्रसिद्ध पळवाट म्हणजे त्या दिवशी भरणारं कुत्र्यांचं प्रदर्शन. तिथे कुत्र्यांकडे किती जण बघत असतील ते सांगायला नको.

आता आमच्या गावाचं. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग लोक कोटाला शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या क्लोव्हरची, जुडी टाचून रस्त्यावर येतात. खरी, ओली, मुळाशी थोडी माती असलेली. ट्रेलरवर माइक घेतलेले एक काका उभे असतात आणि त्यांना येणारा प्रत्येक माणूस नावानं माहीत असतो. पुढे झेंडा. त्यांचाही तिरंगाच, हिरवा-पांढरा-केशरी, फक्त पट्टे उभे. मग शाळा, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या इथल्या देशी खेळांच्या क्लबची जर्सी घातलेली पोरं, कुरळ्या केसांचे टोप घालून नाचणाऱ्या मुली, अग्निशमन दलाचा बंब (तो भोंगा वाजवतो तेव्हा सगळी तान्ही बाळं एकदम रडतात), गाव स्वच्छ ठेवणारी मंडळी झाडू घेऊन. आणि शेवटी ट्रॅक्टर. जुने, घासूनपुसून चकचकीत केलेले, एकामागोमाग एक. चालवणारे आजोबा इतके गंभीर असतात की बैलपोळ्याला सजवलेली जोडी मिरवणारा आमच्या गावचा शेतकरी आठवतो. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं संपतं, पण रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक जण मिरवणुकीतल्या कुणालातरी हाक मारत असतो.

गावोगावच्या तऱ्हा तर विचारूच नका. केरी काउंटीतल्या डिंगलमध्ये परेड पहाटे सहाला, बासऱ्या आणि ढोल वाजवत निघते. कॉर्कमधल्या ड्रिप्सी गावची परेड जगात सगळ्यात आखूड म्हणून मिरवायची: एका पबच्या दारातून दुसऱ्या पबच्या दारापर्यंत, जेमतेम २३ मीटर. २००७ मध्ये त्यातला एक पब बंद पडला आणि परेडही संपली.

पोरांना मात्र परेडपेक्षा खाऊचं पडलेलं असतं. ईस्टरच्या आधीचा लेंट म्हणजे चाळीस दिवसांचा उपास, त्यात बरीच मुलं चॉकलेट सोडतात. सेंट पॅट्रिकच्या दिवशी त्या नेमाला सूट. माझ्या मुलीनं लेंट कधी पाळला नाही, सूट मात्र दरवर्षी न चुकता घेते.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या आम्ही सहा मराठी कुटुंबांनी लेझीम घेऊन परेडमध्ये भाग घेतला. नऊवारीच्या आत थर्मल, पायात पावसाळी बूट. पावसानं ढोलाचं पान सैल पडलं आणि शेवटी नुसत्या ताशावर निभावलं. माइकवाल्या काकांनी 'लेझीम' या शब्दाचे जे काय हाल केले ते लिहिता येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुकानात तीन अनोळखी आज्यांनी थांबवून विचारलं, 'पुढच्या वर्षी येणार ना?' एकीनं तर विचारलं, 'लिओ वराडकर तुमच्यातलाच ना?' मी सांगितलं, त्याच्या वडिलांचं गाव वराड, मालवण तालुक्यातलं. तो पंतप्रधान असताना आमच्याकडच्या मंडळींना या दिवसाचं वेगळंच अप्रूप होतं: आयर्लंडचा पंतप्रधान दरवर्षी व्हाइट हाउसमध्ये शॅमरॉकचं भांडं भेट देतो, आणि ते देणारा माणूस वराडकर आडनावाचा!

तर बेत असा करा. आजूबाजूच्या गावांच्या परेडच्या वेळा आधी बघून ठेवा. त्या मुद्दाम पुढेमागे ठेवलेल्या असतात, त्यामुळे सकाळी एक आणि दुपारी दुसरी असं जमतं. मुख्य रस्ता बंद होण्याआधी अर्धा तास पोचलात तर गाडी लावायला जागा मिळते. छत्री आणू नका, इथला वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट आणा. आणि मार्चमध्ये ऊन पडलं म्हणून स्वेटर काढू नका, ते ऊन पाच मिनिटांचं असतं.