१४९ रुपयांची ओळ आणि २० गुंठ्यांचा सौदा

ताई, तुमचं चार पानी पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. कागल तालुक्यातलं गाव. मालक, म्हणजे ताईंचे यजमान, ४४ वर्षांचे, गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत ११ वर्षं सीएनसी मशीनवर. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं ऐन पावसाळ्यात कळलं, आता आठवड्याला तीन डायलिसिस. दोन महिने कामावर नाहीत, पगार बंद. किडनी द्यायला तुम्ही स्वतः तयार आहात आणि हॉस्पिटलने ऑपरेशनचा अंदाज ९ लाख सांगितलाय. घरात ३४ गुंठे ऊस, दोन म्हशी, सहा तोळे सोनं, मुलीच्या शिक्षणासाठी पतसंस्थेत दीड लाखाची ठेव. गावातल्या एकाकडून शेकडा तीननं दीड लाख उचललेत. दीर म्हणतात, २० गुंठे माझ्या नावावर लावून द्या, ११ लाख रोख देतो. फौंड्रीतले सुपरवायझर म्हणतात, राजीनामा द्या, पीएफ-ग्रॅच्युइटीचा हिशेब लगेच होईल. तुमचा प्रश्न एवढाच, आधी काय करू?

दोन्ही करू नका. जमिनीचं नंतर बोलू, पण राजीनाम्याच्या कागदावर मालकांची सही अजिबात होऊ देऊ नका.

तुम्ही लिहिलंय, ‘आम्हाला कसलाच विमा नाही.’ पगार किती होता ते कळावं म्हणून तुम्ही पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवलाय. तो मी मोठा करून पाहिला. डावीकडे बेसिक १२,०००, एकूण १९,८००. उजवीकडे कपात : पीएफ १,४४०, व्यवसाय कर २००, आणि त्याच्या खाली, कागदाच्या घडीत अर्धवट पुसलेलं, ईएसआय १४९. हे १४९ म्हणजे १९,८०० चा पाऊण टक्का. कंपनी त्यात आपले सव्वातीन टक्के घालते. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा हा आरोग्य विमाच आहे, आणि तुमची दोघांची मुलगीही त्यात येते. दर महिन्याला तुम्ही हप्ता भरत होता, फक्त कुणी सांगितलं नाही की हा हप्ता आहे. तुमच्यासारखी निदान दहा घरं तरी मी पाहिलीत. ‘कसलातरी फंड कापतात’ म्हणून सोडून दिलेली ओळ असते ती.

ईएसआयमध्ये तुमच्या कामाच्या गोष्टी दोन. एक उपचार. ईएसआयच्या दवाखान्यातून रेफर चिठ्ठी घेऊन त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलात गेलात तर डायलिसिस कॅशलेस होतं, आणि ऑपरेशनचा रस्ताही तिथूनच जातो. दुसरी गोष्ट पगाराची. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. आणि मोठ्या, लांबणाऱ्या ३४ आजारांची वेगळी यादी आहे, तिच्यात किडनी निकामी होणंही आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर ९१ दिवस संपल्यावर ८० टक्क्यांनी भत्ता चालू राहतो, तो दोन वर्षांपर्यंत. तुमच्या आकड्यात सांगायचं तर आधी महिन्याला साधारण १३,८६० आणि पुढे १५,८४०. हे पैसे कामगाराच्या खात्यावर येतात.

आता सुपरवायझरच्या सल्ल्याकडे बघा. राजीनामा दिला की वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबली की थोड्या महिन्यांत हे दोन्ही थांबलं. बदल्यात लगेच काय मिळणार? ग्रॅच्युइटी, बेसिक १२ हजार आणि ११ वर्षं धरून सुमारे ७६ हजार. ती उद्याही तेवढीच आहे, कुठं पळून जात नाही. उलट आजारपणाचा भत्ता चालू असताना कंपनीला कामगाराला काढून टाकता येत नाही, असं ईएसआयच्या जुन्या कायद्याच्या ७३ व्या कलमात होतं. सुपरवायझर वाईट हेतूनं बोलले असतील असं मी म्हणत नाही. त्यांनाही त्या ओळीचा अर्थ माहीत नसेल.

लिहायला जड जातंय, पण लिहितो. पीएफसोबत कामगाराचा एक जीवन विमाही असतो, त्याचा हप्ता कंपनी भरते. नोकरीत असताना माणसाचं काही बरंवाईट झालं तर वारसाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतात. राजीनाम्याची ही किंमतसुद्धा मोजायला हवी. तसंच मालकांच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का, बघा. दिसले तर पंतप्रधान जीवन ज्योती विमा चालू आहे, २ लाखांचा. येत्या मे महिन्यात त्या खात्यात तेवढे पैसे असू द्या. आजारी माणसाच्या नावावर नवा विमा मिळणं अवघड असतं, म्हणून जो आहे तो मोडायचा नाही. एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिलाही हेच लागू.

आता जमीन. तुमच्याच पत्रातले आकडे घेतो. डायलिसिसला एका वेळी १,८०० प्रमाणे महिन्याचे १३ धरले तर २३,४००. रक्त वाढवायची इंजेक्शनं आणि औषधं मिळून ९ हजार. म्हणजे महिना ३२ हजारांच्या वर, शिवाय सावकाराचं व्याज ४,५००. हातात येतंय ते फक्त म्हशींचं, दहा दिवसांच्या बिलाला ३,२०० प्रमाणे महिन्याला ९,६००. यात जमीन विकून ११ लाख आणले, दीड लाख सावकाराला दिले, ९ लाख ऑपरेशनला गेले, तर उरले ५० हजार. आणि ऑपरेशननंतर नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून रोजच्या गोळ्या चालू होतात त्या जन्मभरासाठी. त्या गोळ्या ५० हजारांतून किती महिने घ्यायच्या? तोवर ३४ पैकी १४ गुंठेच उरलेले असतील.

आजारपण असं दरमहा खाणारं असलं की एकरकमी सौदा त्याला पुरत नाही. डायलिसिस ईएसआयवर गेलं आणि भत्ता सुरू झाला तर चित्र असं : भत्ता १५,८४०, दूध ९,६००, मिळून २५ हजारांच्या वर. घरखर्च आणि कोल्हापूरला येण्याजाण्याचं भाडं त्यात भागतं. ऊस अजून यात धरलाच नाही. ३४ गुंठ्यांत ३८ टन आणि टनाला ३,२०० धरले तर १,२१,६०० होतात. खत, पाणीपट्टी, सोसायटी वजा जाता ६५-७० हजार तरी राहतील. सोसायटीचं पीककर्ज मात्र मुदतीत भरा. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, मुदत चुकली की ती सवलत गेली.

आणि दिरांचा भाव. तुम्हीच लिहिलंय, गावात गुंठा ८० हजारांनं जातोय. ते ५५ नं मागतायत. २० गुंठ्यांवर हा फरक ५ लाखांचा आहे. ‘पुढं पैसे आले की परत तुमच्याच नावावर करून देतो,’ असं ते म्हणाले हे वाचून मला जास्त काळजी वाटली. एकदा दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत झालं की तोंडी शब्दाला कागदावर जागा नसते. त्यांच्या मनात काळं आहे असं मी धरत नाही, पण उद्या त्यांची मुलं मोठी होतील, त्यांना हा शब्द कुणी दिलेला नसेल. भाऊबंदकीची निम्मी भांडणं अशाच चांगल्या मनानं दिलेल्या शब्दांतून निघतात. दिरांना खरंच मदत करायची असेल तर २० गुंठे दोन वर्षांच्या खंडानं, म्हणजे भाड्यानं कसायला घ्यावेत, खंड आगाऊ द्यावा, आणि तसा कागद करावा. तुमच्याकडे शेतात राबायला तसंही आता कुणी नाही. जमीन नावावर राहील आणि हातात काही रक्कमही येईल.

सावकाराचे दीड लाख मात्र आधी फेडा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, ५४ हजार नुसतं व्याज. परवाना असलेल्या सावकारालाही वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, मग हा तर बिगरपरवान्याचा. इथं माझं मत थोडं कडू वाटेल : मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं तारण न ठेवता मोडा, हे कर्ज मिटेल एवढंच. तारण ठेवलं तर पुन्हा व्याज आलं, आणि ते भरायला पगार नाही. सोनं परत घेता येतं. जुनी पावती शोधा, दोन पेढ्यांवर वजन करून घ्या, आणि सावकाराकडून सही केलेला कागद आणि कोरे चेक दिले असतील तर ते परत घेतल्याशिवाय पैसे हातात देऊ नका.

मुलीच्या ठेवीला हात लावू नका असं मी म्हणणार नाही, पण ती शेवटून दुसरी. शेवटची जमीन. ठेव मुदत संपली की पतसंस्थेतून बँकेत हलवा. व्याज थोडं कमी मिळेल, पण बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं.

ईएसआयचं काम एका दिवसात होणार नाही. तोवर प्रत्येक डायलिसिसला १,८०० मोजायची गरज नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता केशरीच काय, पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि किडनी प्रत्यारोपणाला साडेचार लाखांची मर्यादा आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा योजनेतल्या कुठल्याही खासगी हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, किंवा आधी १५५३८८ वर फोन करून जवळचं हॉस्पिटल विचारा. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. ऑपरेशनचं हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का, तेही विचारा. असेल तर ३ लाख ६० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी सवलतीच्या दराच्या १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तो सगळीकडे लागतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. किडनी तुम्ही देणार, म्हणजे एकाच दिवशी घरातली दोन माणसं ऑपरेशन टेबलावर. पुढचे काही आठवडे तुम्हाला वैरणीचा भारा उचलता येणार नाही, धारेलाही कुणीतरी लागेल. मुलीची बारावी आहे. एक म्हैस विकायची वेळ आली तर खुशाल विका, भाकड असेल ती आधी. ऑपरेशनच्या अंदाजपत्रकात हे आठवडे तुमच्या नावानं मांडा, हॉस्पिटल ते मांडत नाही.

सोमवारी मालकांचं डायलिसिस नसतं असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी आधी फौंड्रीच्या ऑफिसात जा आणि मालकांचा दहा अंकी ईएसआय नंबर लिहून घ्या. मग दवाखाना. डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, दोघांची आधार, बँकेचं पासबुक आणि स्लिपा सोबत असू द्या. गेल्या दोन महिन्यांच्या रजेसाठी बाहेरच्या डॉक्टरांचे कागद पर्यायी पुरावा म्हणून जोडा. मंजुरी त्यांच्या हातात आहे, पण मागितल्याशिवाय ते देणार नाहीत. पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे निघतात आणि ते परत भरावे लागत नाहीत. आधारवरचं आणि पीएफमधलं नाव एकच आहे ना, ते आधी तपासा. ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ एवढ्यावरूनसुद्धा अर्ज परत आलेले मी पाहिलेत. घरातलं बँक खातंही याच आठवड्यात दोघांच्या नावावर करून घ्या, मालकांना सही करवते तोवर.

सुपरवायझरांना एवढंच सांगा की मालक रजेवर आहेत, ईएसआयचे कागद चालू आहेत. आणि दिरांना चहाला बोलावून म्हणा, ‘भाऊजी, जमिनीचं ऑपरेशनची तारीख ठरल्यावर बघू. तोवर खंडानं घेताय का बोला.’ ते काय म्हणाले ते मला कळवा.