झिजतील म्हणून जपलेले गुडघे

"जास्त चाललं तर गुडघे आणखी झिजतील का हो?" ज्येष्ठांचं समुपदेशन करताना हा प्रश्न सतत कानावर येतो. गंमत म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यापेक्षा त्यांची मुलंच तो जास्त विचारतात. उत्तर सरळ आहे. बेताबेतानं चालल्यानं आणि नीट शिकून केलेल्या व्यायामानं झीज वाढत नाही. बसून राहिल्यानं मात्र दुखणं वाढतं. पण एवढं सांगितलं म्हणून कोणी उठून चालायला लागतं असं होत नाही. भीती कुठे बसलेली असते ते एका घराच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू सत्तरी ओलांडलेल्या. लेक त्यांना घेऊन आली ती वेगळ्याच कारणासाठी. आई चिडचिड करते, कशात मन लागत नाही, रात्री झोप नाही. सोबत काका होते. गुडघ्याचा विषय मीच काढला, तेव्हा काकांनी पिशवीतून जुना एक्स-रे काढून उजेडाकडे धरला. "ही बघा, गॅपच उरली नाही. हाडावर हाड घासतंय." हे वाक्य तपासणीच्या खोलीत कधीतरी कोणीतरी सहज बोललं होतं आणि त्या दिवसापासून घरात त्याचंच राज्य होतं. काकूंना पाणी हातात, फोन हातात. त्या जरा हलल्या की काका म्हणत, "कशाला उठतेस? मी आहे ना!"

मी काकूंना म्हटलं, "जरा उठून खिडकीपर्यंत जाऊन या बरं." त्यांनी दोन्ही हात खुर्चीवर रोवले, डोळे मिटले, श्वास रोखला. त्या जागच्या हलायच्या आत काकांचा हात त्यांच्या काखेत पोचलासुद्धा. काकांना मी थांबवलं. काकूंना सांगितलं, खुर्चीच्या कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. त्या उठल्या.

"दुखलं?"

"दुखलं. पण नेहमीएवढं नाही."

या "नेहमीएवढं नाही"वरच पुढचं सगळं काम उभं राहिलं.

आधी ते "हाडावर हाड" उतरवणं भाग होतं. गुडघा गाडीच्या टायरसारखा झिजत जातो, ही समजूत फार खोल गेलेली असते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो तिला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं आणि ते आतपर्यंत पोचायला तिच्यावर दाब पडावा लागतो, सुटावा लागतो. म्हणजे हालचाल लागतेच. त्या गादीत वेदनेच्या नसाही नसतात. दुखतं ते भोवतालचं अस्तर, खालचं हाड, ओढले गेलेले स्नायू. म्हणूनच एक्स-रे फार वाईट आणि माणूस मजेत, किंवा एक्स-रे बरा आणि माणूस हैराण, असं दोन्ही बघायला मिळतं. काकू हे ऐकून म्हणाल्या, "मग तो फोटो कपाटात ठेवू का?" म्हटलं, डॉक्टरांकडे जाताना काढा, रोज काढू नका.

आपण काही या जगात एकट्या नाही, हेही त्यांना ऐकायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2019 मध्ये जगभरात सुमारे 52.8 कोटी लोकांना सांध्यांच्या झिजेचा हा आजार होता, आणि त्यात सर्वाधिक, 36.5 कोटींच्या आसपास, गुडघ्यांचे होते.

मग विचारलं, दुखणं अर्ध्यावर आलं तर काय करायला आवडेल? "दुखायला नको" हे उत्तर मी धरत नाही. त्याला ना दिशा असते ना शेवट. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, वरच्या मजल्यावर मैत्रीण राहते, तिच्याकडे जायचंय. हल्ली तीच खाली येते. "14 पायऱ्या आहेत," काकूंनी सांगितलं. काकांना हा आकडा माहीत नव्हता. लेकीला तर मैत्रिणीकडे जाणं बंद झालंय हेच माहीत नव्हतं. आईची चिडचिड गुडघ्यांची नव्हती, ती बसवून ठेवल्याची होती.

व्यायाम ठरवणं हे माझं काम नाही. ते फिजिओथेरपिस्टनं केलं, आणि आधी डॉक्टरांनी तपासलं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा आणि पाच सेकंद तसाच धरायचा. घट्ट उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. ओट्याला धरून पाय बाजूला उचलायचा. दिसायला अगदीच साधं. पण मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की पायऱ्यांचा सगळा भार सांध्यावर येतो. दुखतं म्हणून हलायचं नाही, हललं नाही म्हणून स्नायू वाळतो, वाळला म्हणून आणखी दुखतं. हे चक्र कुठून तरी तोडावंच लागतं.

माझ्या वाट्याला आलं ते "दुखलं की घाबरायचं कधी" हे ठरवणं. आम्ही शून्य ते दहा अशी मोजपट्टी घेतली. व्यायाम करताना पाचापर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते रोजच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर व्यायाम बंद करायचा नाही, कमी करायचा. काकूंची खरी अडचण उलटीच निघाली. एखाद्या दिवशी बरं वाटलं की कपाटं आवरायला घ्यायच्या आणि मग दोन दिवस अंथरूण धरायच्या. तेव्हा बऱ्या दिवशीही ठरल्याएवढंच करायचं, ही अट त्यांना व्यायामापेक्षा जड गेली.

बारीकसारीक दुरुस्त्या बऱ्याच निघाल्या. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात होती. बहुतेकांची तिथेच असते. ती विरुद्ध हातात हवी, आणि हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी येते तेवढी उंच. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा. रात्री काका प्रेमानं गुडघ्याखाली उशी सरकवायचे. तिनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकलेला राहायची सवय लागते आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. ती काढली. एक गोष्ट मात्र बारीकसारीक नव्हती. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी चालू असताना काकू दुकानातून आणलेली दुसरीही घेत होत्या. दोन्ही एकाच जातकुळीच्या निघाल्या. या वयात, त्यात रक्तदाब असताना, अशा गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकतात. डॉक्टरांनी त्या थांबवून गुडघ्यावर लावायचं जेल दिलं.

वजनाबद्दल मी जपून बोलते, कारण जाड बाईला प्रत्येक जण आधी तेच ऐकवतो आणि ती पुढचं काही ऐकेनाशी होते. काकूंना फक्त एक हिशेब सांगितला: वजन जास्त असलेल्या ज्येष्ठांमध्ये केलेल्या मोजणीत असं दिसलं आहे की 1 किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी उतरतो. म्हणजे दहा-पंधरा किलोंचा डोंगर बघायची गरज नाही. दोन किलोंनाही किंमत आहे.

आता काकांबद्दल. काकूंना व्यायाम करताना धरायचं नाही, हे त्यांना सर्वांत अवघड गेलं. शेवटी ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायला लागले. एका भेटीत त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलताना त्यांनी एक पाय मागे लांबवला, टेबल धरलं आणि चेहरा आवळला. विचारलं तर म्हणाले, "गुडघा जरा धरतो." लेक म्हणाली, बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात काही नाही. मी विचारलं, पायाची नखं कोण कापतं? मोजे घालता येतात? काका काकूंकडे बघायला लागले. जांघेत दुखत होतं, कितीतरी महिने. "दोघांनी बसून कसं चालेल?" एवढंच त्यांचं म्हणणं.

खुब्याचं दुखणं असं फसवतं. ते जांघेत, मांडीत आणि कधी कधी फक्त गुडघ्यातच जाणवतं. लोक गुडघा चोळत बसतात आणि दुखणं वर असतं. तपासणीत काकांचा खुब्याचा सांधा बराच झिजलेला निघाला. व्यायाम आणि काठी त्यांनाही लागली, पण रात्रीची झोप मोडत राहिली, आणि मग शस्त्रक्रियेचा विषय निघाला. नुसतं वय किंवा नुसता एक्स-रे बघून हा निर्णय घेऊ नये, असं मला वाटतं. बाकीचे उपाय नेटानं करूनही झोप आणि रोजचं जगणं सावरत नसेल, तर मात्र भीतीपायी वर्षानुवर्षं टाळण्यातही अर्थ नाही. बदललेला सांधा टिकतो किती, हे सगळेच विचारतात. मोठ्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की गुडघ्याचे दहापैकी सुमारे आठ आणि खुब्याचे दहापैकी जवळपास सहा कृत्रिम सांधे 25 वर्षं टिकतात. काकांनी वयात 25 मिळवून बघितले आणि पहिल्यांदाच हसले.

काकू वर जाऊन आल्या. जाताना दोनदा थांबल्या, येताना मैत्रिणीनं काठी धरली. दुसऱ्या दिवशी गुडघा बोलला, तिसऱ्या दिवशी रोजच्यावर आला. त्यानंतर लेकीचा फोन आला, "मग आता मी आईबाबांना मदत करायचीच नाही का?"

करायची. खुर्च्या आणि संडासातली बैठक उंच करून द्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा, रात्री चालण्याच्या वाटेवर दिवा ठेवा, घसरणारी पायपुसणी काढा. उठवायला धावू नका, उठेपर्यंत थांबा. "दुखतंय का?" असं दर तासाला विचारण्यापेक्षा "आज कुठवर जाऊन आलात?" असं विचारा. डॉक्टरांकडे मात्र लगेच न्या, जर सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पायावर भारच देता येईना, गुडघा अडकून सरळ होईना, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली. सकाळचा आखडलेपणा अर्धा तास उलटूनही सुटत नसेल आणि हे रोजचंच झालं असेल, तर ती झीज नसून दुसराच संधिवात असू शकतो. तेही तपासून घ्या. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते लवकर सुरू झालेले बरे.